तीन घड्याळांचे गजाननराव

गजाननराव डाव्या मनगटावर तीन घड्याळं बांधतात. तिन्ही वेगवेगळ्या दुकानांतली, कारण एकच दुकानदार तिन्ही बिघडवून देऊ शकतो.

रामदासपेठेतल्या एका रुग्णालयात ते किरणोत्सारी औषधं सांभाळतात. त्यांचं मुख्य औषध शिशाच्या डबीत बसल्या बसल्या ओसरतं. सहा तासांत निम्मं. म्हणून ते कोणाला किती वाजता द्यायचं, यावर किती काढायचं ते ठरतं. हे गणित संगणकाने करावं असं वरून ठरलं, आणि सॉफ्टवेअरला काय काय जमायला हवं त्याची यादी लिहायला मला पाठवलं.

पहिल्या दिवशी त्यांनी माझं ओळखपत्र पाहिलं, मग मला, मग पुन्हा ओळखपत्र. फोटोतला माणूस बारीक आहे, म्हणाले. मी वहीत एक ओळ लिहिली की लगेच, "काहून लिहून राहिला गा?" संगणकावर त्यांनी दुपट्टा टाकलेला. तो आपलं बोलणं ऐकतो म्हणे.

संशय सांसर्गिक असतो. आठवड्याभरात मीही त्यांच्यावर पाळत ठेवू लागलो, आणि खोटं कशाला सांगू, मजा आली. लबाडी सापडलीसुद्धा. उमरेडच्या एका आजींना चिठ्ठीवर वेळ नऊची, गजाननरावांच्या रजिस्टरात मात्र औषध दहासाठी मांडलेलं. मी बोट ठेवलं.

"नऊची एसटी दहाले येते," ते म्हणाले. "बाईले दहा सांगितलं, तं ते मागची गाडी पकडते अन् अकराले पोचते."

त्याच सकाळी मी सॉफ्टवेअरचा नमुना चालवून पाहत होतो. नियम साधा: अर्धा तास उशीर, की नाव आपोआप रद्द. साडेनऊला आजींचं नाव लाल झालं. हे औषध देऊन होणाऱ्या तपासणीवर त्यांचं ऑपरेशन ठरणार होतं.

"कोणाले विचारून?" एवढं म्हणून गजाननराव तडक बाहेर. मी मागोमाग, अर्थात संशयाने. ते फाटकाशी उन्हात उभे राहून प्रत्येक ऑटोत डोकावत होते. नात्यातल्या आहेत का, विचारलं. नाही म्हणाले, पण एकटी येते, कोणी दिसलं नाही तर परत फिरेल.

दहा वीसला आजी उतरल्या. उशीर झाला म्हणून रडवेल्या.

"टाइम आहे, माय," गजाननराव म्हणाले. आत जाऊन त्यांनी गणित नव्याने मांडलं, औषध थोडं जास्त काढलं. तपासणी झाली.

दुपारी त्यांनी माझ्या यादीत एक कलम घालायला लावलं: नाव रद्द करण्याआधी एकाने फाटकापर्यंत जाऊन पाहावं. हा एक कोण, ते सॉफ्टवेअरला सांगावं लागतं, मी म्हणालो. त्यांनी माझं पेन घेऊन स्वतःचं नाव लिहिलं.

ते रजेवर असतील तेव्हा कोण, असा पुढचा रकाना होता. त्यातही त्यांनी स्वतःचंच नाव लिहिलं.