फिरत्या वलणीवर डॅरिल

ऑस्ट्रेलियातल्या वागा-वागा गावचा डॅरिल टकर एरवी नम्र माणूस. पण पोरीच्या जिम्नॅस्टिक्सचा विषय निघाला की तोच कोच! टेगन दहा वर्षांची. शनिवारी क्लबच्या संघाची निवड होती. दांड्याला लटकून, गुडघे न वाकवता पाय कमरेपर्यंत उचलायचे. टेगनचे निम्म्यातच लटपटत. कोच कर्स्टीबाईंनी बजावलं होतं, "घरी फक्त जमिनीवरचे व्यायाम."

"जमिनीवर काय, झोपा काढायच्या?" डॅरिल म्हणाला. "मी रग्बी खेळलोय. चल परसात, दाखवतो!"

परसात कपडे वाळत घालायची फिरती वलणी होती. मधे उंची कमी-जास्त करायच्या हँडलचा लोखंडी खांब, वर छत्रीच्या काड्यांसारखे चार हात, त्यांवर ओल्या चादरी. डॅरिल त्यातल्या एका हाताला लोंबकळला.

"बाबा, तुझे पाय टेकलेत. लबाडी!"

"मग फिरव हँडल, कर उंच!"

टेगनने मनापासून फिरवलं. डॅरिल अधांतरी झाला. तेवढ्यात दक्षिणेचा वारा सुटला, चादरी शिडासारख्या फुगल्या आणि वलणी डॅरिलसकट गरगरू लागली.

कुंपणावरून शेजारीण बेव्ह डोकावली. "डॅरिल, काय रे चाललंय?"

"व्या—" डॅरिल पलीकडे गेला. परत आला. "—याम!"

"अरे, मग हात सोड की!"

"पोरगी—" गेला. आला. "—बघतेय!"

"बाबा, गुडघे सरळ!" पोरगी खरंच बघत होती.

त्याने गुडघे सरळ केले आणि खांबाने सावकाश, भक्तिभावाने दंडवत घातला. डॅरिल चादरीत गुंडाळला जाऊन गवतावर उतरला: एक पाय पुढे, एक मागे.

"बाबा! पूर्ण स्प्लिट!"

"कुणी हात लावू नका," डॅरिल अत्यंत शांतपणे म्हणाला.

बायकोने, लीनने, बेव्हच्या मदतीने त्याला चादरीसकट आत ओढलं. मग शनिवारपर्यंत तो दिवाणखान्यात छताकडे बघत पडून राहिला, आणि शेजारी टेगन कोचने सांगितलेले व्यायाम बिनबोभाट करत राहिली.

"पाठ..." मधेच तो म्हणे.

"काय चुकलं, बाबा?"

"काही नाही. दुखतेय."

शनिवारी टेगनचे पाय कमरेपर्यंत गेले आणि तिथेच थांबले, जरासुद्धा लटपटले नाहीत. निवड झाली! मानेला पट्टा बांधलेल्या डॅरिलला डोळे पुसायलाही मान खाली घालता येईना.

"बराच फरक पडलाय," कर्स्टीबाई म्हणाल्या. "घरी कोण बघतं?"

"बाबा असतो शेजारी. पण त्याला मान वळवता येत नाही. आणि बोललं की दुखतं."

कर्स्टीबाईंनी ओरडून सूचना देणाऱ्या बाकीच्या पालकांवरून एक नजर फिरवली. मग त्या हळूच डॅरिलच्या कानाशी आल्या.

"हे पट्टे कुठे मिळतात हो?"