लिंबाला ताण

झाडांच्या बाबतीत मला कुणी काही शिकवायला येऊ नये! मातीत वाळकी काडी खोचली तरी तिला पालवी फुटावी, असा माझा हात. अंगणातलं लिंब मात्र मला हिंग लावून विचारत नव्हतं. तान्ह्या लेकीला दवाखान्यातून घरी आणलं, त्याच आठवड्यात मी ते लावलं होतं. आता लेक दिवसभर बोलते, पळते, भिंती रंगवते. झाड मात्र लग्नातल्या पाहुण्यासारखं नुसतं नटून उभं. कामाच्या नावानं शून्य! एक फूल नाही, लिंबू तर दूरच.

सासऱ्यांनी निकाल दिला, "ही थंडी सरेपर्यंत फुललं तर ठीक. नाहीतर तोडायचं. तिथं माझी स्कूटर उभी राहील!"

लेक रोज त्या झाडाला पाठ लावून उंची मोजते हो! मी तडक रोपं विकणाऱ्या काकांकडे गेले.

"ताई, लाड फार झालेत त्याचे," काका म्हणाले. "ताण द्या."

"झाडाला?"

"मग कुणाला! पाणी तोडा. पानं मलूल होऊन गळायला लागली, की मुळाशी शेणखत घाला आणि मग हळूहळू पाणी सुरू करा. ताण बसला की बहार येणारच! औषधबिवषध काही लागत नाही."

घरी येऊन मी फर्मान काढलं, "आजपासून लिंबाला थेंबसुद्धा नाही! त्याला ताण द्यायचाय."

"अगं, मुकं झाड ते!" सासूबाई कळवळल्या.

"माझा ने ना," नवरा म्हणाला. "ऑफिसात भरपूर शिल्लक आहे."

दिवस जात राहिले. माती काही सुकायचं नाव घेईना. पानं तर तेल चोपडल्यासारखी चमकायला लागली! माझी झोप उडाली. काकांना फोन केला, तर म्हणाले, "खाली झराबिरा लागलाय का बघा!"

झरा? शेवटी एका दुपारी लेकीला थोपटून झोपवलं आणि दोरीवरच्या ओल्या चादरीमागे दबा धरून बसले.

पहिल्या आल्या सासूबाई. इकडेतिकडे पाहिलं आणि बुंध्याशी पातेलं उपडं केलं!

"आई!" मी चादरीतून डोकं काढलं.

"अगोबाई! हे पाणी कुठंय? भाजीचं धुवण आहे!"

त्यांनाही मी चादरीमागे ओढलं. तोच जेवायला आलेला नवरा बाटली घेऊन झाडाशी वाकला.

"अहो!"

"बाटली विसळत होतो फक्त."

"भरलेली?"

आता चादरीमागे तिघं. आणि मी 'झोपवलेली' लेक चवड्यांवर चालत आली, हातात बाहुलीचा कप. झाडाला म्हणाली, "लवकर पी हं. आई बघेल."

रागवावं की पापा घ्यावा, कळेना. पापा घेतला आणि तिलाही आत ओढलं.

एवढ्यात सासरे आले. कप नाही, पातेलं नाही, काठोकाठ भरलेली बादली! "पी बाबा, पी," ते कुजबुजले. "सूनबाईनं तुझा जीवच घ्यायचं ठरवलंय."

आम्ही सगळे एकदम पुढे झुकलो आणि दोरी तुटली! चादरीत गुरफटलेलं आमचं गाठोडं थेट त्यांच्या पायाशी.

"बाबा!" मी आतूनच ओरडले. "तुम्हाला तर ते तोडायचं होतं!"

"तोडायचं होतं! तहानलेलं ठेवायचं नव्हतं!"

लेकीनं चादरीतून तोंड बाहेर काढलं. "मग स्कूटर?"

"राहील बाहेर," सासरे बादली लपवत पुटपुटले. "तिला कुठं तहान लागते?"

संध्याकाळी काकांचा फोन आला. "काय ताई, बसला का ताण?"

"बसला ना! झाड सोडून मलाच!"

"मग काळजी नको," काका हसले. "बहार येणारच!"

सकाळी आरशात पाहिलं. कपाळावर पुटकुळ्या आल्या होत्या. चांगल्या टपोऱ्या, लिंबाएवढ्या!