माडीवरचं विमान

आमचे घरमालक दामाशेट भाडेकरूंचं सगळं चालवून घ्यायचे. पोरांचा दंगा, पाहुण्यांचा राबता, भर दुपारी मसाला कुटणं. फक्त भिंतीत खिळा ठोकायचा नाही. हातोडीचा टक्क आवाज झाला की अंगणातून हाक यायची, "कोन मारते घराला?" त्यामुळे आमचं कॅलेंडर दाराच्या कडीला लटकायचं आणि लग्नातला फोटो शिलाई मशीनवर उभा असायचा. हल्ली नात खारघरच्या फ्लॅटमध्ये भिंतीत ड्रिल घालते, तेव्हा मी अजून दचकून दाराकडे बघते.

हे नव्वद सालानंतरचं, कोपरखैरण्याच्या गावठाणातलं. शेट मूळचे मिठागरवाले. जमीन नव्या शहरात गेली आणि हातात ही इमारत आली. खाली आम्ही सातारकर, माडीवर शेट आणि त्यांची बायको राधाबाय. अर्धांगाच्या झटक्याने राधाबायची उजवी बाजू गेली होती. त्या खाटेवरच असत. मी गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घ्यायचे, म्हणून शेट मला 'टीचर' म्हणत. मला तेव्हा जगात न कळणारं असं काहीच नव्हतं. तो आजार पुढे वयाबरोबर बरा झाला.

एक दिवस न्हावा-शेव्याच्या बंदरातून ट्रक आला आणि दारात लांबलचक लाकडी खोकी उतरली.

"फर्निचर का शेट?"

"इमान हाय. घरी जोडायचा. परदेशातून मागवला."

"खरंच उडणारं?"

"मग काय टीचर, रांगनारा मागवू?"

शेटनी पहारीने खोकी उचकटली. आत कागदात गुंडाळलेले पत्रे, नळ्या, पत्रे जोडायच्या बारक्या रिवेटची पुडकी. विमानासारखं काहीच दिसेना. भांड्यांच्या दुकानाचं दिवाळं निघावं तसं अंगण झालं. सोबतचं इंग्रजी पुस्तक अर्थातच माझ्या हातात आलं. मी ते रुबाबात वाचून दाखवायचे, आणि शब्द अडला की "हे तांत्रिक आहे" म्हणून पान उलटायचे.

नवं वाहन म्हणजे पूजा आली. चाकाखाली लिंबू चिरडायला हवं, तर चाकं अजून खोक्यात. शेटनी एक चाक हुडकून लिंबावर उभं धरलं. भटजी सवयीने म्हणाले, "हं, आता गाडी जरा पुढे घ्या." सगळी गल्ली हसली. शेट हसले नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी चाक रेटलं आणि गाडी जरा पुढे घेतली.

आता पंख वर न्यायचे, तर ते जिन्यात वळेनात. मी सुचवलं, "अंगणात मांडव घाला आणि इथेच जोडा."

"नाय. माडीवर. तिचे खोलीत."

"आणि खिडकी केवढी आहे, बघितलीत?"

शेटनी खिडकी बघितली. मग घण आणला आणि घराच्या दर्शनी भिंतीवर पहिला घाव स्वतः घातला. आम्ही सगळे भाडेकरू तो आवाज मनापासून ऐकत उभे राहिलो. माझ्या नवऱ्याने तर त्या गोंधळात आत जाऊन फोटोचा खिळाही ठोकून घेतला. गावातल्या गड्यांनी होडी ओढावी तसे दोराने पंख वर ओढून घेतले. मग गवंड्याने भिंत होती तशी बांधून काढली.

शेट नाक्यावर सांगत सुटले, "यंदा एकवीरेला आमी दोघा इमानानं जानार." ते ऐकून माझ्यातली टीचर जागी झाली. मी पंखांची लांबी घेतली, खिडकीची रुंदी घेतली, कागदावर व्यवस्थित आकृती काढली आणि माडीवर गेले.

शेट खाली पाना शोधत होते. राधाबाय उशांना टेकून बसल्या होत्या. मांडीवर परात, परातीत रिवेट. तांदूळ निवडावेत तसे डाव्या हाताने लहान-मोठे वेगळे करत होत्या. त्यांना बसलेलं मी बऱ्याच दिवसांनी बघत होते.

"बाय, हे जोडलं की खोलीतून निघणार नाही. भिंत तर बुजवली."

"ठाव हाय मना."

"मग शेटना सांगायला नको?"

"नको गो. पयले दिसभर नाक्यावर बसायचे. मी आपली छताकडं बघत पडलेली. आता सकालपासून हिथंच असतात, माझेशी बोलतात." त्यांनी एक रिवेट बाजूला सारला. "इमान उडाला तर मानूस पन जाईल बाय."

तेवढ्यात शेट पाना घेऊन दारात आले. माझ्या हातातली आकृती त्यांना दिसली. शिकलेले नसले तरी खिडकी आणि पंख ओळखू येण्यासारखे होते. ते बायच्या पाठीमागे थांबले आणि माझ्याकडे बघून त्यांनी हळूच मान हलवली. नको, म्हणून.

मग मोठ्याने म्हणाले, "काय टीचर, पुस्तकात काय लिवलंय? कवा उडंल आमचा इमान?"

मी कागदाची घडी केली आणि पुस्तक उघडलं.

"अजून पुष्कळ काम आहे शेट."

"मंग?" शेट बायला म्हणाले. "मी काय बोललो तुला? घाईचं काम नाय ते."

राधाबायनी निवडून ठेवलेले सगळे रिवेट परातीत एकत्र केले आणि पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतले.