सात सेकंदांचा हापसा

एका जंगलात पाणवठ्यांपेक्षा महाविद्यालये जास्त होती. मुलांनो, हसू नका. अशी जंगले असतात.

त्यातले सर्वांत मोठे होते गर्जना महाविद्यालय. तिथे गर्जना शिकवत. सशांची, भेकरांची, तितरांची, सगळ्यांची मुले तिथे जात. तीन वर्षांनी त्यांना एक कागद मिळे. यांना गर्जना करता येते, असे त्यावर लिहिलेले असे. मग ती मुले तो कागद काखेत धरून वडाखाली बसत आणि सिंहाची जागा निघण्याची वाट बघत. सिंहाची जागा एकच होती आणि तिच्यात सिंह होता. हा मुद्दा कुठल्याच आईबापांच्या ध्यानात आला नव्हता.

जंगलाच्या दुसऱ्या टोकाला, करवंदीच्या जाळीमागे, एक तंत्रशाळाही होती. तिथे पत्रा कापायला शिकवत, पाना धरायला शिकवत, हापसा दुरुस्त करायला शिकवत. "गर्जनेत नापास झालास तर तंत्रशाळेत घालीन," असे आया पोरांना दटावत. पोरे लगेच अभ्यासाला बसत.

झुंबर नावाची शेकरू मात्र गर्जनेत पहिली आली आणि तरीही तंत्रशाळेत गेली. तिच्या आईने दोन दिवस झाडावरून खाली पाऊल टाकले नाही.

"अगं, देवाने एवढी झुपकेदार शेपूट दिली," आई म्हणाली, "आणि तू तिला ग्रीस फासून हिंडणार?"

"बांधून ठेवीन," झुंबर म्हणाली आणि निघाली.

ती दुसऱ्या वर्षात गेली तेव्हा शाळेच्या पटावर नऊच नावे उरली होती. जंगलाच्या शिक्षण समितीने कळवले की पळस फुलायच्या आत पट वीसवर गेला नाही, तर तंत्रशाळा बंद. इमारतीत गर्जनेच्या सरावासाठी सभागृह होईल. झुंबरचे शेवटचे एक वर्ष राहिले होते. शाळा बंद झाली तर तिचे शिक्षण अर्धवट राहणार होते, आणि आई तिला मावशीकडे जांभळे वाळत घालायला धाडणार होती.

या शिक्षण समितीत अकरा ज्येष्ठ होते. गवासाहेब अध्यक्ष. अकरांपैकी एकानेही कधी पाना धरला नव्हता आणि अकराही जणांची नातवंडे गर्जनेत शिकत होती. त्यामुळे तंत्रशिक्षणाबद्दल त्यांना फार कळकळ होती.

त्या कळकळीतूनच त्यांनी एक स्पर्धा काढली. 'हुन्नर माझा, गौरव जंगलाचा!' तंत्रशिक्षणाचे महत्त्व सांगणारा तीन मिनिटांचा व्हिडिओ करायचा. कुठल्याही शाळेच्या, महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याने करावा. पहिला येईल तो व्हिडिओ जंगलातल्या प्रत्येक मोबाइलवर पाठवला जाईल.

झुंबरचे डोळे चमकले. प्रत्येक मोबाइलवर! बघून अकरा पोरांनी जरी नाव घातले, तरी शाळा वाचली.

पाणवठे आटल्यापासून सगळे जंगल एकाच हापशावर पाणी पीत होते, आणि त्या आठवड्यात तो हापसा नेमका बंद पडला होता. झुंबर आणि तिचे आठ वर्गमित्र हत्यारे घेऊन तिथे गेले. मुंगसाने मोबाइल धरला. झुंबरने हापसा उघडला, झिजलेला वायसर काढला, जुन्या टायरचा नवा कापून बसवला, नटबोल्ट आवळले. दांडा हापसला. आधी नुसता खरखराट. मग गुळण्या. मग भसकन पाणी. एक पाडस धावत आले आणि धारेखाली तोंड धरून उभे राहिले. बरोबर तीन मिनिटे. एकही शब्द नाही.

झुंबरने तो व्हिडिओ साळिंदर गुरुजींना दाखवला. गुरुजी तंत्रशाळेचे मुख्याध्यापक. त्यांच्या सहीशिवाय काही पुढे जात नसे.

"झकास आहे गं," गुरुजी म्हणाले. त्यांचे डोळेही ओले झाले होते. "पण दीपप्रज्वलन कुठंय?"

"हापशाला कशाला दीपप्रज्वलन, गुरुजी?"

"हापशाला नाही गं, व्हिडिओला. आणि समितीची मनोगतं?"

"कुणाकुणाची?"

"सगळ्यांची. एकाचं घेतलं आणि दुसऱ्याचं राहिलं, तर राहिलेला शाळेवर राग धरतो. प्रत्येकी पंधरा सेकंद तरी हवेत. त्याहून कमी म्हणजे अपमान."

"गुरुजी, मग काम कुठं दाखवायचं?"

"उरलेल्या वेळात," गुरुजी म्हणाले. "बाळ, तू अजून लहान आहेस. काम कुणी बघत नसतं. आपलं नाव आलं का, तेवढं बघतात."

झुंबरला शेपटीपासून राग आला. पण सही गुरुजींची होती. ती मोबाइल घेऊन अकरा घरी फिरली. घुबडकाका दिवसा झोपेत बोलले. अस्वलकाकांनी तंत्रशिक्षणाऐवजी स्वतःच्या गुडघेदुखीबद्दल सांगितले. गवासाहेब म्हणाले, "आजच्या पिढीने हात काळे करायला शिकलं पाहिजे," आणि मागे वळून नातवाला ओरडले, "चिखलात जाऊ नकोस रे!" तेही पंधरा सेकंदांत बसले.

मनोगतांना एकशे पासष्ट सेकंद गेले. समईला आठ. कामाला उरले सात.

सात सेकंदांत काय मावणार? झुंबर हापसा उघडते, इथपर्यंतच मावले. गुरुजींनी सही केली.

इकडे गर्जना महाविद्यालयातून शुकदेव पोपटाने स्पर्धेत भाग घेतला होता. तोही दुरुस्त झालेल्या हापशापाशी आला. डोक्याला पिवळे हेल्मेट. गळ्यात हार.

"झुंबर, यातला पाना कुठला?" त्याने विचारले.

तिने दाखवला.

"जड आहे गं. फिरवायचा कुठल्या बाजूला?"

"फिरवूच नकोस. सगळं आवळून झालंय."

"अगं, नुसतं दाखवायला!" असे म्हणून शुकदेवने एका नटाला पाना लावला आणि कॅमेऱ्याकडे बघत तीनदा फिरवला. "बांधवांनो, श्रम हीच पूजा! हात हीच दौलत!" मग त्याने अकराही ज्येष्ठांची नावे एका दमात म्हणून दाखवली. पाठांतर त्याचे पहिल्यापासून चांगले. झुंबर तोवर दुसऱ्या कामाला निघून गेली होती. नट आवळला गेला की सैल झाला, हे बघायला तिथे कुणी नव्हते.

निकाल लागला. पहिला क्रमांक शुकदेव. परीक्षकांचा शेरा, 'श्रमाची थोरवी हृदयाला भिडली.' झुंबरच्या व्हिडिओवरचा शेरा असा होता : 'विद्यार्थिनी सार्वजनिक हापसा मोडताना दिसते. खुलासा करावा.'

झुंबरने खुलासा केला. 'हापसा मोडला नव्हता, उघडला होता. पाणी पुढे आले, पण पुढचे एकशे त्र्याहत्तर सेकंद समईला आणि आपल्याला दिले होते.'

समिती संतापली. पण खुलाशात चूक सापडेना. तेव्हा आपलाच मान राखायचा म्हणून समितीने एक फर्मान काढले. यापुढे तंत्रशाळेच्या पटावर नाव असल्याशिवाय कुणीही हापशाला वा त्याच्या कुठल्याही भागाला हात लावू नये. पाणी प्यायला हरकत नाही. खाली गवासाहेबांची सही.

शुकदेवचा व्हिडिओ प्रत्येक मोबाइलवर गेला. तो बघून दोनशे पोरांनी गर्जना महाविद्यालयात नाव घातले. तंत्रशाळेत कुणीच आले नाही. पळसाला कळ्या धरल्या.

चौथ्या दिवशी सकाळी हापशातून खणखण आवाज आला, एक नट गवतात उडाला आणि आतला अख्खा पाइप सरकून खाली बोअरमध्ये जाऊन अडकला.

दुपारपर्यंत जंगलाच्या घशाला कोरड पडली.

"शुकदेवला बोलवा!" गवासाहेब म्हणाले. "तंत्रशिक्षणात पहिला आलेला आहे तो."

शुकदेव आला. त्याने हेल्मेट घातले. तो हापशाशेजारी उभा राहून अर्धा तास बोलला. पाणी काही वर आले नाही. उलट टाळ्या वाजवून सगळ्यांना आणखी तहान लागली.

मग कुणीतरी झुंबरला हाक मारली. ती हत्यारांची पेटी घेऊन आली, पालथी पडून बोअरमध्ये डोकावली आणि उठली.

"पाइपाला गळ अडकवून तो वर ओढावा लागेल. आम्ही नऊ जण आहोत. अजून काही जण लागतील."

"किती?"

आठांनी भागले असते. दहांनी आरामात भागले असते.

"अकरा," झुंबर म्हणाली.

"एवढंच ना? आम्ही आहोत की!" गवासाहेबांनी शिंगे उगारली. "चला रे, दोर धरा."

"थांबा, गवाकाका." झुंबरने फर्मानाचा कागद पुढे धरला. "पटावर नाव असल्याशिवाय हात लावायचा नाही. सही तुमचीच आहे."

"हे फर्मान आम्ही रद्द करतो!"

"त्याला बैठक लागते. बैठकीला पंधरा दिवस आधी पत्र लागतं. हाही नियम तुमचाच."

"कार्टे, इथं जीव चाललाय आणि तू आम्हाला नियम शिकवतेस?"

"मी कुठं शिकवते, काका? शिकवायला गुरुजी आहेत. फॉर्म त्यांच्याकडे मिळतील."

 साळिंदर गुरुजींना अकराही जणांची भीती वाटत होती. त्यांनी एकदा समितीकडे बघितले, एकदा झुंबरकडे, आणि फॉर्म वाटायला सुरुवात केली.

"पूर्वीचा अनुभव, इथं काय लिहू?" अस्वलकाकांनी हळूच विचारले.

"'नाही' असं लिहा," झुंबर म्हणाली.

गवासाहेबांनी सर्वांत शेवटी, दातओठ खात, 'प्रवेश : वर्ष पहिले' या ओळीवर खूर उमटवला. मग वीस जणांनी दोर ओढला. घुबडकाकासुद्धा जागे होते. पाइप इंचाइंचाने वर आला. गवासाहेब मातीने माखले, घामाने निथळले, आणि पाणी भसकन आले तेव्हा समितीत सगळ्यात आधी तेच ओरडले. ती गर्जना नव्हती. नुसताच आनंद होता.

पळस फुलला तेव्हा तंत्रशाळेच्या पटावर वीस नावे होती. त्यातली अकरा आजोबांची होती, आणि पाना कुठल्या बाजूला फिरवायचा यावरून त्यांची रोज भांडणे होत. झुंबर शेवटच्या वर्षात गेली.

तात्पर्य : मुलांनो, थोरामोठ्यांचा नेहमी आदर करावा, त्यांचे म्हणणे कान देऊन ऐकावे आणि त्यांचा शब्द खाली पडू देऊ नये. त्यांना आपले म्हणणे पटवून देण्याच्या फंदात मात्र पडू नये. तहान लागेपर्यंत थांबावे.