सोमाजीची पोटरी, नानाजीची तार

सोमाजीच्या पोटरीला सात टाके पडले, पण डुकराने त्याला शिवलंसुद्धा नव्हतं. तळ्यावरून मासोळी घेऊन येताना धानाच्या बांधीतून रानडुक्कर उठलं. सोमाजी जीव घेऊन पळाला आणि नानाजीच्या शेताची काटेरी तार ओलांडताना पाय वीतभर फाटला.

"भरपाई मागा नानाजीले," ब्रह्मपुरीहून टाके घालून परतताना ताराबाईने नवऱ्याला बजावलं. "महिनाभर तुमी पान्यात उतरनार नाई. खायाचं काय?"

नानाजी गावातला मोठा शेतकरी. सोमाजीने भरपाईचं नाव काढताच तो हसला. "अरे बाप्पा, तार का तुह्या मागं धावली? डुक्कर धावलं ना! त्याची भरपाई सरकार देते. मी साक्ष देतो, जाय!"

सोमाजीला पटलं. अर्ज गेला. चौथ्या दिवशी वनरक्षक पंचनाम्याला आला, तेव्हा अख्खं गाव जमलं.

"डुकरानं काय केलं?"

सोमाजी तोंड उघडणार, तोच नानाजी पुढे सरसावला. "मी माह्या डोळ्यानं पाह्यलं साहेब. सुळा घातला न् पोटरी फाडली!"

"मग हा वाचला कसा?"

याचा विचार नानाजीने केला नव्हता. पण एवढी माणसं ऐकत असताना अडखळणं त्याला जमणारं नव्हतं. "यानं डुकराचे कान धरले साहेब! असा आपटला, वरून काठी हाणली! डुक्कर लंगडतच गेलं!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. सोमाजीचीही छाती जराशी फुगली.

वनरक्षकाचं पेन थांबलं. "म्हणजे वन्यप्राण्याला जखमी केलं. भरपाई राहू द्या, आधी गुन्हा नोंदवावा लागेल."

सोमाजी एका पायावर उभा राहिला. "नाई जी साहेब! म्या त्याले हातबी नाई लावला! मी तं पळून राह्यलो होतो, भित्र्यावानी! तारीनं कापलं मले!"

"तार कोणाची?"

सगळं गाव नानाजीकडे पाहू लागलं. नानाजी टोपी काढून डोकं खाजवू लागला.

"डुक्कर कुठी लंगडत गेलं ते राहू द्या, नानाजी," गर्दीतून ताराबाई म्हणाली. "धान कधी पाठवता ते सांगा."

संध्याकाळी धानाचं पोतं घेऊन नानाजी स्वतः आला. फुगलेल्या तोंडाने पोतं टेकवून तो वळला, तर सोमाजीने बाजेवर जागा करून दिली.

"बसा ना भाऊ," तो हळूच म्हणाला. "ते कान धरल्याचं अजून एकदा सांगा."