पहिलं कोण मरणार?

आनंदा पारकरांनी घोडपदेवच्या चाळीत उभा जन्म गणपतीतल्या नाटकांत काम केलं, पण त्यांच्या वाट्याला कधी एक वाक्य आलं नाही. कधी भालदार, कधी गर्दीतला गावकरी, एकदा तर नुसतं प्रेत. त्यामुळे खऱ्याखुऱ्या सिनेमात एक वाक्य मिळाल्यावर त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला.

सिनेमा थरारक होता. परळच्या टॉवरच्या तळघरात पाणी शिरतं, सात माणसं अडकतात आणि एकेक करून मरतात. दिग्दर्शिका नूपुर तरुण आणि भलतीच तळमळीची. "मुंबई म्हणजे सगळे, काका. पडद्यावर सगळे दिसायला हवेत," असं म्हणून तिने नटांऐवजी लालबागचे दुकानदार हितेंद्रभाई, भायखळ्याचे पिंटो अंकल अशी अस्सल माणसं गोळा केली होती. मराठी लिफ्टमन म्हणजे आनंदा. त्यांचं वाक्य होतं, "तुम्ही व्हा पुढं, माझी काळजी करू नका!" गॅलरीत उभं राहून त्यांनी ते इतकं घोकलं की दूधवाल्यालाही पाठ झालं.

वाक्यानंतर काय होतं, हे मात्र त्यांनी बायकोला सांगायचं टाळलं होतं. शूटिंगच्या दिवशी जाईबाई डबा घेऊन आल्या, तेव्हा ते फुटलंच.

"मगे काय होता?"

"मग... मी बुडतो."

"आणि बाकीचे?"

"ते नंतर."

जाईबाई थेट नूपुरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "काय गो बाय, सात जणांत पयलो मराक माझोच घोव गावलो तुका? गिरणी गेली, चाळ जातली, आता पिच्चरात पण आमीच पयले?"

नूपुरचा चेहरा पडला. सगळ्यांना न्याय द्यायला निघालेली पोरगी ती! "सॉरी काकू, हा अँगल माझ्या लक्षातच आला नाही." तिने हितेंद्रभाईंना पहिलं मारायचं ठरवलं.

"मला कशाला? मी तर सगळ्यांचा नाश्ता पण घरून आणला!" हितेंद्रभाई कळवळले. "दुकानवाला मेला ना, थेटरात पब्लिक टाळ्या वाजवते. माहितेय मला."

"मग पिंटो अंकल?"

"पिक्चरमध्ये पिंटो ऑल्वेज फर्स्ट, मॅन! मरताना हातात गिटार पण देतात."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुणीच मरेनासं झालं. आणि कुणी मरतच नाही म्हटल्यावर वाचवायचं कुणाला? आनंदांचं वाक्य कापलं गेलं.

त्यांनी बांगड्याला हातही न लावता डबा बंद केला.

"जेवा मां. वाचवलंय तुमका."

"वाचवलंस कुठं? मारलंस! जन्मात एक वाक्य मिळालं होतं गं."

जाईबाईंना आपली चूक कळली. पण एवढा तमाशा करून आता माघार कशी घ्यायची? त्यांनी पदर खोचला आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "खोटा मरण इला की माणसाचा आयुष्य वाढता. माझी आवस सांगायची. मारा ह्येंका!"

हितेंद्रभाईंची दिवाळीतच अँजिओप्लास्टी झाली होती. "खरंच वाढतं? मग मला पण मारा ना!"

"मला डायबिटीस आहे, मॅन," पिंटोंनी छातीवर क्रूस काढला.

बघता बघता सातही जण मरायला रांगेत उभे. नूपुरने कपाळावर हात मारला. "अहो, एक तरी वाचायला हवा ना!" पण वाचायला कुणी तयार होईना. शेवटी, वाचणाऱ्याचं नंतर बघू, असं म्हणून तिने आनंदांचा प्रसंग घ्यायला सांगितला.

आनंदांनी छातीभर पाण्यात उभं राहून वाक्य म्हटलं आणि ते असे सुरेख मेले की पिंटोंनी डोळे पुसले. नूपुर 'कट' म्हणायचंच विसरली, कॅमेरा चालूच राहिला. प्रेत गार पाण्यात तरंगत राहिलं. जाईबाईंना ते बघवेना. टॉवेल घेऊन त्या थेट पाण्यात उतरल्या.

"काळजी करू नको म्हणे! खोकलो झालो तर रातभर कोण जागतलो? मीच मां?" कॉलर धरून त्यांनी प्रेत बाहेर ओढून काढलं.

सिनेमा लागला तेव्हा अख्खी चाळ दादरला बघायला गेली. पडद्यावर सातही जण मेले होते. जिवंत बाहेर पडली ती एकटी जाईबाई, एका हातात टॉवेल, दुसऱ्या हातात नवऱ्याची कॉलर. थिएटरने शिट्ट्या मारल्या. दुसऱ्या दिवसापासून दूधवालाही "मीच मां?" म्हणू लागला.

"माझ्या वाक्याला एक टाळी पडली नाही," जिना चढताना आनंदा म्हणाले.

"पडली. थंय शूटिंगात मीच वाजवलंय," जाईबाई म्हणाल्या. "हातात टॉवेल होतो, म्हणान आवाज नाय इलो."