अ‍ॅडजस्ट झालेला मामा

इंग्रजीत क्रियापदं हजारो असतील, पण माणसाला जन्मभर पुरेल असं त्यात एकच आहे. अ‍ॅडजस्ट! हे मी उगाच बोलत नाही. नांदेडच्या एका कॉलेजात मी गेली कित्येक वर्षं इंग्रजी शिकवतो. 'गो'चं 'वेंट' का होतं हे मला अजून एकाही पोराला पटवून देता आलेलं नाही. पण 'अ‍ॅडजस्ट' कधी शिकवावंच लागलं नाही. आमच्याकडची पोरं ते आईच्या पोटातूनच शिकून येतात, आणि चक्रव्यूहात बाहेरचा रस्ता नसला तरी तिथंच अ‍ॅडजस्ट होतात!

शब्दकोशात या क्रियापदाचे मोजकेच अर्थ दिलेत. शब्दकोश लिहिणारा बिचारा बिलोलीच्या गाडीत कधी बसला नसावा. आपल्याकडं दोघांच्या सीटवर चौथा येतो, तो अ‍ॅडजस्ट होतो. पाहुणे वाढले की तांब्याभर पाण्यात वरण अ‍ॅडजस्ट होतं. रजा अ‍ॅडजस्ट होते, तास अ‍ॅडजस्ट होतो, सून अ‍ॅडजस्ट होते. पंखा होत नाही, म्हणून वायरमन येतो आणि 'उद्या करून देतो अ‍ॅडजस्ट' म्हणत चहा पिऊन जातो. होकाराला हेच, नकारालाही हेच. 'बघू, करू अ‍ॅडजस्ट' म्हटलं की दोन्ही माणसं समाधानानं घरी जातात. काय ठरलं ते दोघांनाही ठाऊक नसतं.

तेव्हा ज्याला हे क्रियापद आलं तो जगात कुठंही अडकत नाही, असं माझं ठाम मत होतं. शिल्पाच्या लग्नापर्यंत.

शिल्पा माझी भाची. लातूरला दिलेल्या माझ्या बहिणीची, रेणुकाची लेक. मी तिचा एकुलता एक मामा. आता आपल्या लग्नात मामाचं काम काय, ते तुम्हाला सांगायला नको. नवरीची पिवळी साडी मामाकडची. ती नेसलेल्या पोरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं मामानं. अष्टका चालू असताना तिच्या पाठीशी उभं राहायचं तेही मामानंच. फ्रॉक घालायची तेव्हापासून शिल्पा विचारायची, "मामा, माझ्या लग्नात तू फेटा बांधशील ना?" मी म्हणायचो, "बांधणार म्हणजे काय! लाल, तुरेवाला!"

तुरेवाला फेटा बांधून तयार ठेवला. पिवळी साडी घेतली. आदल्या दिवशी रेणुकाचा फोन आला.

"दादा, साडेबाराचा मुहूर्त हाय. वेळेवर ये बरं का."

"अगं, साडेबाराचा म्हणजे दीडचा. मुहूर्त अ‍ॅडजस्ट होतो."

"ह्यांचा न्हाई होत! शिल्पाचे सासरे स्टेशन मास्तर होते."

"मग तर दोन तास लेटच!" मी जोरात हसलो.

रेणुका हसली नाही.

सकाळी व्यंकटीची भाड्याची गाडी दाराशी आली. व्यंकटी चालवणार, मी त्याच्या शेजारी, मागं आमच्या मंडळी म्हणजे महादेवी, आणि तिच्या शेजारी साडीची पिशवी ऐसपैस, असा बेत होता. तेवढ्यात आनंदराज आला. हा आमच्याच कॉलेजात इतिहास शिकवतो, लग्नाचं त्याला निमंत्रण होतंच.

"सर, माझी गाडी गॅरेजला पडून राहिली. होतो का अ‍ॅडजस्ट?"

"अरे, बस की!"

व्यंकटीनं गाडी चालू केली आणि शेजारच्या केवळाबाई काचेवर थापा मारत आल्या. वय सत्तरीच्या पुढं, गुडघे कामातून गेलेले, आवाज मात्र शाबूत. मागून त्यांच्या सालगड्यानं अर्धापूरच्या केळीचा अख्खा घड आणून गाडीत टेकवला.

"सर, लोह्याला लेकीकडं जायचंय. घ्या की अ‍ॅडजस्ट करून. रस्त्यातच तर हाय!"

महादेवीनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेला इंग्रजीत क्रियापद नाही. पण मी तोवर "या, या!" म्हणून मोकळा झालो होतो. घड महादेवीच्या मांडीवर अ‍ॅडजस्ट झाला.

लोह्याला लेकीच्या दाराला कुलूप! केवळाबाईंनी कुलूप दोनदा ओढून पाहिलं, कपाळाला हात लावला आणि निर्णय दिला, "ही बया नणंदंकडं अहमदपूरला गेली आसंल. चला, तिथं सोडा."

"फोन करून बघा की," आनंदराज म्हणाला.

"फोन तिचा कधी लागतो का? चला!"

अहमदपूरला नणंदेनं दारातच सांगितलं, "वहिनी? न्हाई ओ, आल्याच न्हाईत." आता या म्हातारीला घडासकट रस्त्यात सोडायचं कसं? केवळाबाई म्हणाल्या, "मग मी बी येते लग्नाला. शिल्पी काय परकी हाय का? येताना सोडा लोह्याला." आणि पाय पसरून बसल्या.

चहाला थांबलो तिथं एक गृहस्थ समोर आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, काखेत पिशवी आणि चेहरा गाडी चुकलेल्या माणसाचा. गाडी चुकलेलीच होती.

"नमस्कार, मी बसवंत. बिलोलीचा. आमची बस इथंच बंद पडली बघा. भाचीचं लग्न हाय लातूरला, एकचा मुहूर्त. सर, जरा अ‍ॅडजस्ट..."

"बसा!" मी म्हणालो. म्हणजे माझ्या तोंडून ते गेलं. शिंक जाते तसं!

मागच्या सीटवर महादेवी, केवळाबाई, आनंदराज, बसवंतराव आणि घड. आनंदराजचं अर्धं अंग खिडकीबाहेर. "सर," तो बाहेरूनच ओरडला, "तुमच्या क्रियापदाचा भूतकाळ होऊन राहिला!"

चाकूरच्या अलीकडं व्यंकटीनं गाडी बाजूला घेतली.

"सर, पुढं आरटीओची गाडी उभी हाय म्हणून फोन आलाय. एक माणूस कमी करावं लागतंय. न्हाईतर गाडी लावून घेतेत, मग सगळेच इथं!"

महादेवी केळी बघायला लागली. केवळाबाईंनी आपला गुडघा चोळून दाखवला. आनंदराजनं डोळे मिटले. बसवंतराव अर्धवट उठले आणि म्हणाले, "मीच उतरतो की ओ, सर."

आता तुम्हीच सांगा! माणूस आपल्या गाडीत बसला की तो आपला पाहुणा. पाहुण्याला उन्हात रस्त्यावर उतरवायचं? मराठवाड्यात? मी म्हणालो, "छे छे! तुम्ही पुढं या, माझ्या जागेवर बसा. मी मागून बसनं येतो."

"अहो!" महादेवी किंचाळली. "मामा तुम्ही हायसा! मुहूर्त?"

"मुहूर्त अ‍ॅडजस्ट होतो," मी म्हणालो आणि ऐटीत उतरलो.

गाडी दिसेनाशी झाली तेव्हा आठवलं, माझा फोन पुढं चार्जिंगला होता. फेटा त्याच्याच शेजारी होता.

बस आली ती माणसं बाहेर सांडत आली. कंडक्टर म्हणाला, "मागं सरका, अ‍ॅडजस्ट करा, अजून दहा बसतेत!" जन्मात पहिल्यांदा मला त्या शब्दाचा राग आला. माझा एक पाय कोणाच्या तरी हरभऱ्याच्या पोत्यावर होता. दुसरा कुठं होता ते लातूर येईपर्यंत कळलं नाही.

मंगल कार्यालयाच्या दारात रिक्षातून उडी मारली तेव्हा आतून वाजंत्री ऐकू आली. चला, म्हणजे आत्ता सुरू होतंय! धावत आत गेलो. पायाखाली अक्षता चरचरल्या. तरीही माझ्या डोक्यात उजेड पडेना. कोणाच्या अक्षता या?

बोहल्यावर शिल्पा उभी होती. पिवळी साडी, मुंडावळ्या, गळ्यात हार. आणि तिच्या पाठीशी, माझ्या लाल तुरेवाल्या फेट्यात, बसवंतराव!

"आलास?" रेणुका समोर उभी राहिली. तिनं आलास हा शब्द असा उच्चारला की मला परत जावंसं वाटलं.

"रेणुका, हा माणूस..."

"तुझ्याच गाडीतनं उतरला! तुझ्याच जागेवरनं उतरला! स्टेशन मास्तरांनी तुझ्या फोनवर फोन लावला, 'मामा का?' तर ह्यो म्हणला, 'हाव, मामाच!'"

आनंदराजनं खालच्या मानेनं खुलासा केला. "सर, मी ऐकून राहिलो होतो. पण मला वाटलं, ते त्यांच्या भाचीबद्दल बोलून राहिले. ते पण मामाच हायत ना!"

"आणि तुम्ही?" मी महादेवीला विचारलं.

"माझा डोळा लागला होता. त्या घडाखाली दुसरं काय करणार?"

गाडी थांबल्याबरोबर वरपक्षाच्या माणसांनी पुढच्या सीटवरच्या मामाला उचललं, फेटा चढवला आणि हातात नारळ दिला. रेणुका शिल्पाला साडी नेसवून बाहेर आली, तेव्हा मामा बोहल्यावर! ती ओरडली, "ह्यो आमचा मामा न्हाई!" स्टेशन मास्तरांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "सध्या हाच आहे. सोडा गाडी!" आणि मराठवाड्याच्या इतिहासात पहिल्यांदाच ठरल्या मिनिटाला लग्न लागलं!

"शिल्पा काय म्हणाली?" मी विचारलं.

"रडली. म्हणली, मामानं फेटा तरी पाठवला."

मी बोहल्याकडं सरकलो. शिल्पानं मला पाहिलं, ओठ दुमडले आणि मान फिरवली. बसवंतराव माझ्या कानाशी आले. घामानं निथळत होते. "सर, मला वाटलं हितं पाहुण्यांचा असाच मान करतेत! आता फोटोवाला सोडंना, तुमची बहीण बघंना. पलीकडच्या कार्यालयात माझी भाची बिनसाडीची बसून राहिली! ही पिशवी पोचवा. पाया पडतो!"

दोन भाच्यांचे शाप एका दिवशी झेपणार नव्हते. मी पिशवी घेऊन पळालो.

पलीकडं दारातच एका बाईंनी पिशवी हिसकावली. "साडी आली! मामाकडची साडी आली!" आतून गुरुजी ओरडले, "मामा आले का? बसवा त्यांना!" मी म्हणालो, "अहो, मी मामा नाही." एकानं माझ्या डोक्यावर फेटा घातला. हा गुलाबी होता. "म्हणजे मी मामाच आहे, पण इथला नाही. इथला तिकडं आहे." दुसऱ्यानं माझ्या हातावर पाणी सोडलं. त्या बाई, बसवंतरावांच्या भगिनी, माझ्याकडं निरखून बघत म्हणाल्या, "बसवंतदादा न्हाई आला?"

"ते तिकडं मामा आहेत."

"आणि तुमी?"

"मी... इकडं."

त्यांनी क्षणभर विचार केला. "बरं. करा मग अ‍ॅडजस्ट!"

नवरी पुनम शांतपणे म्हणाली, "मामा, फेटा वाकडा झालाय," आणि स्वतःच नीट केला. मला एकदम भरून आलं.

त्या फेट्यात मी पावणेतीनपर्यंत उभा होतो. एकचा मुहूर्त होता, पण नवरदेव अजून वरातीत नाचत होता. तेवढ्या वेळात बसवंतराव तिकडून सुटले, जेवले, पान खाल्लं आणि येऊन पहिल्या रांगेत बसले. मी म्हणालो, "गुरुजी, खरे मामा आले!" गुरुजी म्हणाले, "आता संकल्प तुमच्या नावानं सुटलाय. हलू नका." अष्टका सुरू झाल्या. बसवंतरावांनी नेम धरून माझ्यावर अक्षता टाकल्या.

शिल्पाच्या अल्बममध्ये बिलोलीचे एक गृहस्थ आहेत. ते फार उठून दिसतात. संध्याकाळी पाठवणीला मी पोचलो तेव्हा शिल्पा आधी बोललीच नाही, मग गळ्यात पडली आणि म्हणाली, "गुलाबी फेटा बरा दिसतो तुला." रेणुका अजून बोलत नाही.

येताना केवळाबाईंना लोह्याला सोडलं. लेक दारातच उभी होती. सकाळी ती गावातच होती. कुलूप लावून शेजारी विरजण मागायला गेली होती.